शिबिरासाठी तयार प्रथमोपचार पेटी घ्यावी का? आतली एकेक वस्तू तपासून

एप्रिल उजाडला की निवासी शिबिरं घेणाऱ्या संस्था औषधांच्या दुकानातून किंवा ऑनलाइन एक तयार पेटी मागवतात आणि पालकांच्या सभेत ‘प्रथमोपचाराची सोय आहे’ असं सांगतात. ती सोय कितपत खरी आहे, हे पेटी उघडल्यावरच कळतं. बाजारात या पेट्या साधारण तीन प्रकारच्या मिळतात: गाडीत ठेवायची झिपची छोटी पिशवी, मध्यम आकाराचा प्लास्टिकचा डबा आणि भिंतीवर टांगायची मोठी पेटी. या परीक्षणासाठी ८ ते १४ वयाची ४० मुलं, मे महिना, ५ दिवसांचा मुक्काम आणि मुळशी, भोर किंवा कर्जतसारखी डोंगराजवळची जागा गृहीत धरली आहे.

आमचं मत आधीच सांगतो. मध्यम आकाराचा डबा घ्यावा, पण तो डब्यासाठी, कात्रीसाठी आणि बँडेजसाठी. आतल्या बऱ्याच वस्तू काढून टाकाव्या लागतील आणि पेटीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे वरून घालायच्या सामानावर खर्च होतील. छोटी पिशवी सहलीच्या गटाबरोबर द्यायला चांगली, पण मुक्कामाच्या ठिकाणी एवढ्यावर भागणार नाही. भिंतीवरची मोठी पेटी बहुतेक पत्र्याची असते. ती उन्हात तापते, जड असते आणि घेऊन धावता येत नाही.

तयार पेट्या अशा का भरलेल्या असतात, याला कारण आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४५ प्रमाणे दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी ठेवावी लागत असे. मोटारींसाठीही पेटीचा नियम आहे. बाजारातल्या याद्या मुख्यतः या दोन गरजांवरून बेतलेल्या असतात, म्हणजे कापलेलं बोट, यंत्राची इजा, रस्त्यावरचा अपघात. मे महिन्यातल्या शिबिरात रक्त येतं ते बहुधा खरचटल्यामुळे. खरी अडचण होते ती ऊन, जुलाब-उलट्या, दमा, पायाला आलेले फोड, मधमाश्या आणि विंचू यांची, आणि पेटीत नेमकं त्यांच्यासाठी काही नसतं.

ओआरएस: दोन पाकिटांनी काय होतं?

मध्यम डब्यात ओआरएसची दोन पाकिटं सापडली तर नशीब. हिशोब करून पाहा. जुलाबांमुळे शरीरातलं पाणी कमी झालेल्या मुलाला पहिल्या ४ तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस द्यायचं असतं. मूल ३० किलोचं असेल तर ते सव्वादोन लिटर झालं. त्यानंतरही प्रत्येक जुलाबामागे आणखी द्यावं लागतं. म्हणजे दोन पाकिटं एका मुलालासुद्धा पुरत नाहीत, आणि शिबिरात जेवण बाधलं तर एक मूल आजारी पडत नाही, सहा-सात पडतात. ४० मुलांमागे एक लिटरची किमान २५ पाकिटं आणि सहलीसाठी २०० मिलिलिटरची १० छोटी पाकिटं ठेवावीत. वीस-पंचवीस रुपयांचं पाकीट आहे, इथे काटकसर करू नये.

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. पेटीत किंवा किराणा दुकानात ओआरएस म्हणून येणारी कागदी खोक्यातली गोड पेयं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात साखर कितीतरी जास्त आणि क्षार कमी असतात, त्यामुळे जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. तरीही एखाद्या मदतनीसाने दुकानातून आणलेला खोका उघडण्यापूर्वी त्यावर काय लिहिलंय ते पाहाच.

चूक होते ती पाणी मोजताना. एक लिटरचं पाकीट २०० मिलिलिटरच्या पेल्यात सोडलं तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं आणि आजारी मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढतं. म्हणून पेटीबरोबर एक लिटरची खुणेची बाटली कायम ठेवा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. पाकीट एकदम पूर्ण सोडायचं, अर्धं मोजून ठेवायचं नाही. वरून साखर, लिंबू, रसना काही घालायचं नाही. तयार केलेलं द्रावण २४ तासांनी फेकायचं. मूल उलटी करत असेल तर १० मिनिटं थांबून चमच्याचमच्याने सुरू करायचं. ‘पोटात राहत नाही’ म्हणून देणं बंद करणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. मूल सुस्त झालं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, जुलाबात रक्त दिसलं किंवा काहीच पोटात ठरत नसेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. नातेवाइकांनी पेल्याने पाजलेलं पाणी! शिबिरातल्या ताई-दादांना हे काम पंधरा मिनिटांत शिकवता येतं.

नुसत्या खेळणाऱ्या, धडधाकट मुलाला मात्र ओआरएस पाजत बसायची गरज नाही. पाणी, ताक, कोकम सरबत आणि मीठ असलेलं जेवण पुरतं.

उन्हाला पेटीत उत्तरच नाही

तपासलेल्या कुठल्याच प्रकारच्या पेटीत उष्माघातासाठी काही नसतं, आणि तसं ते पेटीत मावणारही नाही. त्यासाठी दोन बादल्या पाणी, पाचसहा जुन्या सुती चादरी, पंखा किंवा पुठ्ठे आणि स्वयंपाकघरातला बर्फ लागतो. हे सगळं मैदानाच्या कडेला, सावलीत, आधीच मांडून ठेवलेलं असावं. थकलेलं, घामाघूम झालेलं, डोकं दुखणारं मूल सावलीत झोपवून, पाय वर करून, पाणी पाजलं की सुधारतं. पण मूल असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं, पण काखेत लावलेला थर्मामीटर ते कमी दाखवू शकतो. म्हणून आकड्यापेक्षा वागण्याकडे बघा. जागच्या जागी अंगावर पाणी ओतायला, वारा घालायला सुरुवात करा आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने उष्माघात उतरत नाही, कारण तो ताप जंतुसंसर्गाचा नसतो.

पेटीतला डिजिटल थर्मामीटर मात्र बरा असतो. बॅटरीची पट्टी काढली आहे का, एवढं तपासा. पाऱ्याचा आला असेल तर परत करा, मुलांच्या गर्दीत काच फुटते.

जखमा, फोड, भाजणं

या भागात पेटी थोडीफार कामाची आहे. जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या असतात, पण दहा-वीस. ४० मुलांना ५ दिवसांत शंभर लागतील असं धरा, कारण निम्म्या पट्ट्या नव्या बुटांनी आलेल्या फोडांवर जातात. फोडासाठी खरं उपयोगी काय, तर एक इंची मायक्रोपोर पट्टी. टाच लाल दिसताच, फोड येण्यापूर्वी ती लावायची. फोड आलाच तर फोडायचा नाही.

कापसाचा मोठा गठ्ठा जवळजवळ प्रत्येक पेटीत असतो. तो जखमेवर ठेवला की तंतू चिकटतात आणि पुन्हा सोलून निघतं. कापूस बाहेर काढा आणि त्या जागी १० सेंटिमीटरचे निर्जंतुक गॉझचे २५ तुकडे भरा. हातमोज्यांची एकच जोडी देतात, दहा हव्यात. त्रिकोणी पट्टी एक असते, चार हव्यात, कारण हात मोडल्यावर झोळीला एक आणि छातीशी बांधायला एक, अशा दोन एकदम लागतात. १० सेंटिमीटरची क्रेप बँडेज तीन. प्लास्टिकच्या चिमट्याने काटा निघत नाही, स्टीलचा टोकदार चिमटा वेगळा घ्या. कात्री बोथट टोकाची असते, तशीच ठेवा.

जंतुनाशकाची बाटली म्हणजे पेटीची शान समजतात, पण जखमेला पहिलं औषध म्हणजे वाहतं स्वच्छ पाणी, पाच ते दहा मिनिटं. त्यानंतर ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन पुरे. पाण्यात मिसळून वापरायची जंतुनाशकं तशीच ओतली तर कातडी भाजते. प्रमाण बाटलीवर असतं, पण घाईत ते कोणी वाचत नाही, म्हणून ती बाटली पेटीत नकोच.

आणि साबण! एकाही प्रकारच्या पेटीत साबणाची वडी नसते. कुत्रा किंवा माकड चावलं, नख लागलं, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुणं हा रेबीजविरुद्धचा पहिला आणि फार मोठा उपाय आहे. घड्याळ लावून धुवा, मग त्याच दिवशी लस. रक्त आलं असेल तर डॉक्टरांना इम्युनोग्लोब्युलिनबद्दल विचारा. हळद, चुना, तिखट लावू नये आणि जखम घट्ट बांधूही नये.

भाजल्यावर लावायचं पिवळं मलम लोकांना पेटी उघडताच दिसतं आणि ते लगेच लावलं जातं. शेकोटी, गरम आमटी, चहाचं पातेलं, काहीही असो, आधी २० मिनिटं नळाचं गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको. मलम आधी लावलं तर उष्णता आतच कोंडते आणि नंतर डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं. पाण्यानंतर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची गुंडाळी सैलसर ठेवली की झाकण होतं. चेहरा, हात, गुप्तांग किंवा मुलाच्या तळहातापेक्षा मोठी जागा भाजली असेल तर दवाखाना.

झटपट थंड होणारी पिशवी काही पेट्यांत येते. कल्पना चांगली, पण प्रवासात दाबली गेली की आतलं पाण्याचं पाकीट फुटून ती आधीच वापरून संपलेली असते. हलवून पाहा: आतलं पाकीट वेगळं लागलं पाहिजे. वापरताना कापडात गुंडाळून, १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही.

औषधं: काय काढायचं, काय घालायचं

इथे आम्ही कडक आहोत. पेटीत ॲस्पिरिन असेल, डिस्प्रिनसारखं, तर पहिल्यांदा ते बाहेर. १६ वर्षांखालच्या मुलांना विषाणूच्या तापात ॲस्पिरिन दिल्याने रेज सिंड्रोम हा यकृताचा आणि मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो. निमेसुलाइड बाहेर. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते भारतात २०११ पासून बंद आहे. खोकल्याची सिरपं बाहेर. उरलेली अँटिबायोटिक्स बाहेर.

पॅरासिटामॉल ठेवा, पण एकाच ताकदीचं. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २४० किंवा २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरपं मिळतात. पेटीत एक, पालकांनी दिलेलं दुसरं, आणि ‘एक चमचा द्या’ अशी चिठ्ठी, यातून डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. डोस वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. ३० किलोच्या मुलाला ३०० ते ४५० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या सिरपचे ६ ते ९ मिलिलिटर. दोन डोसांत किमान ४ तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. मोजायला बाटलीबरोबरचं झाकण किंवा सिरिंज, स्वयंपाकघरातला चमचा नाही. यासाठी प्रत्येक मुलाचं वजन नोंदणी अर्जावर हवंच.

दम्याचं मूल ४० मध्ये एखादं तरी असतंच, आणि धूळ, शेकोटीचा धूर, रात्रीचा गारवा सगळं त्याच्या विरुद्ध. स्पेसर, म्हणजे पंपाचं औषध श्वासाबरोबर नीट आत जावं म्हणून पंपाला लावायची पोकळ नळी, एकाही तयार पेटीत नसतो, खरं तर तोच सर्वांत मोलाचा. मुलाचा स्वतःचा पंप त्याच्या गटाच्या ताई-दादांच्या कमरेच्या पिशवीत असावा, कार्यालयातल्या कुलुपात नव्हे. शिबिराचा जादा साल्ब्युटामॉल पंप डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यावा. धाप लागल्यावर मुलाला बसवा, झोपवू नका. पंप हलवून स्पेसरमध्ये एक दाब, चार श्वास, असं चार वेळा. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार आणि १०८. वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर पहिल्याच दाबाबरोबर फोन करा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळवायचा. फडक्याने पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटून राहतं.

किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं. धूर, दगड, आरडाओरडा आणि उग्र अत्तर यांनी ते उठतं. उठलंच तर तोंड झाकून पळायचं, बसून राहायचं नाही. काटे नखाने किंवा खेळायच्या पत्त्याच्या कडेने लवकर खरवडून काढायचे. अंगभर गांधी, आवाज बसणं, धाप, उलटी, चक्कर यांतली लक्षणं एकत्र दिसली तर ती तीव्र ॲलर्जी. तिथे सेटिरिझिनची गोळी पुरत नाही, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. ते तयार पेटीत मिळत नाही. ज्ञात ॲलर्जी असलेलं मूल येणार असेल तर ते इंजेक्शन, डोस लिहिलेला कागद आणि ते देऊ शकणारी प्रशिक्षित व्यक्ती, तिन्ही जागेवर हवं. मुलाला आडवं ठेवा, धाप असेल तर टेकवून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका.

साप, विंचू, गोचीड

काही ‘ॲडव्हेंचर’ पेट्यांत सर्पदंशाचा संच म्हणून पाते, चोखणी आणि रबरी नळी येते. तो संच फेकून द्या. कापल्याने रक्तस्राव वाढतो, चोखून विष निघत नाही, आणि घट्ट बांधल्याने पाय जायची वेळ येते. लागते ती लाकडी फळी किंवा गुंडाळलेली चटई, दोन त्रिकोणी पट्ट्या आणि गाडी. बूट, पैंजण, दोरा काढा, पाय हलणार नाही असा बांधा, उचलून न्या, चावल्याची वेळ लिहा. साप शोधायला कोणी जायचं नाही.

मण्यार मात्र फसवते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश बहुधा दुखतही नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटदुखी, उलटी, घसा धरणं आणि पापण्या जड होणं अशी तक्रार आली तर ‘काल जास्त जेवला’ म्हणू नका, सरळ रुग्णालय. खाट नसेल तर मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचलेल्या हव्यात. रात्री शौचालयाला जाताना प्रत्येकाकडे विजेरी.

कोकणात लाल विंचवाचा दंश नुसता दुखणारा समजू नये. घाम, गार पडलेले हातपाय, उलटी दिसली तर हृदयावर परिणाम सुरू झालेला असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि मृत्यू खूप कमी झाले, पण ते औषध डॉक्टरांनीच द्यायचं. शिबिराचं काम वेळेत पोचवण्याचं, आणि सकाळी बूट झटकून घालायला लावण्याचं.

शिबिर सिंधुदुर्गात दोडामार्गच्या जंगलालगत असेल तर माकडताप लक्षात ठेवा. तो गोचिडीतून येतो आणि उन्हाळा हाच त्याचा काळ. संध्याकाळी अंग तपासायचं. गोचीड स्टीलच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही. घरी गेल्यावर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलातल्या मुक्कामाबद्दल सांगा, अशी चिठ्ठी पालकांना द्यावी.

पेटी कुठे ठेवायची

बहुतेक सिरपं २५ किंवा ३० अंशांखाली ठेवायची असतात. बंद गाडीत मे महिन्यात तापमान सहज ५० पर्यंत जातं: पट्ट्यांचा डिंक सुटतो, मलम पातळ होतं, दाबाखालचा पंप धोक्याचा ठरतो. पेटी पक्क्या खोलीत, खालच्या फळीवर, खिडकीपासून लांब. औषधांच्या कप्प्याला कुलूप, किल्ली दोघांकडे. पट्ट्या आणि गॉझचा कप्पा मात्र उघडा, कारण रक्त येत असताना किल्ली शोधायची वेळ येऊ नये. पेटीवर छापलेल्या मुदतीवर विसंबू नका, प्रत्येक वस्तूची वेगळी पाहा. गोळ्यांची पट्टी कापली की मुदत त्या तुकड्याबरोबर जाते, म्हणून मुदत छापलेली बाजू शेवटी संपेल अशी पट्टी वापरा.

झाकणाच्या आत एक कागद चिकटवा: १०८, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, तिथवर लागणारा वेळ आणि रात्री उपलब्ध असलेल्या गाडीच्या चालकाचा नंबर. फोन लागत नसलेल्या जागी रेंज कुठे मिळते, तेही लिहा. शिबिराच्या दोन दिवस आधी त्या रुग्णालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा: प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत, रेबीजची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का. पहिल्याच उपचाराला आठ-दहा कुप्या लागतात. तिथे दोनच असतील तर पुढचं मोठं रुग्णालय कोणतं, हे त्याच वेळी ठरवून कागदावर लिहा.